किट जोडणारे आणि विमान घडवणारे : डॉ. विष्णु माधव घाटगे

मित्रांनो, प्लॅस्टिकच्या विमानांचे वेड ज्याला एकदा लागते ना, त्याच्या टेबलावर जर्नलच्या जागी पॉलिश पेपर, पेपर कटर, पुट्टी आणि टर्पेंटाइनची बाटली दिसायला लागते. खोक्यावर दुसऱ्या महायुद्धातले स्पिटफायर, मुस्टँग नाहीतर जपानचे झिरो. खोक्यात चौकटीला चिकटलेले शंभर-दीडशे भाग आणि एक सूचनापत्रिका. भाग कापा, घासा, चिकटवा, रंगवा. बहात्तरास एक या प्रमाणात हातभर नव्हे, वीतभर विमान तयार!

पण खऱ्या शौकिनाचे काम इथून पुढे सुरू होते. कारण युद्धातले विमान कधीच शोरूममधल्या गाडीसारखे चकचकीत नसते. पंखाच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी रंग उडालेला असतो, एक्झॉस्टच्या मागे काजळी, इंजिनखाली तेलाचे ओघळ, चाकांवर चिखल, आणि बर्मा आघाडीवरचे असेल तर उन्हाने फिकट पडलेला हिरवा रंग. हे सगळे मॉडेलवर हाताने आणायचे, त्याला म्हणतात वेदरिंग. पत्र्याच्या सांध्यांत पातळ काळा रंग सोडायचा आणि वरचा पुसून काढायचा. स्पंजच्या तुकड्याने चंदेरी रंगाचे बारीक ठिपके टेकवायचे. पेन्सिलीचे शिसे घासून त्याची पूड धूर म्हणून लावायची. हात थोडा जड पडला की विमान जुने न दिसता घाणेरडे दिसते!

आता एक प्रश्न. या सगळ्या खोक्यांत इंग्लंड आहे, अमेरिका आहे, जर्मनी, जपान, रशिया आहे. मग त्या युद्धात आपलं काय होतं? आपली माणसे होती, हे नक्की. आमच्या जव्हारचेच उदाहरण घ्या. जव्हार हे तेव्हा छोटेसे संस्थान. आज जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले आदिवासी तालुके म्हणून ओळखले जातात. पण या जंगलातल्या संस्थानाचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. पुढे ते लोकसभेवरही निवडून गेले. जय विलास पॅलेस बघायला येणारे पर्यटक राजवाड्याचे फोटो काढतात, पण राजाने हवाई दलाचा गणवेश घातला होता हे फार थोड्यांना माहीत असते. असे कितीतरी भारतीय तेव्हा लायसँडर, हरिकेन, व्हेंजन्स आणि शेवटी स्पिटफायर घेऊन बर्मा आघाडीवर लढले.

म्हणजे उडवणारे आपले होते, दुरुस्त करणारेही पुष्कळसे आपलेच होते. पण ज्या यंत्रात ते बसत होते, त्यातले एकही आपल्याकडे कोणी कागदावर काढलेले नव्हते. त्याच काळात बंगळुरूला एका मराठी माणसाने हे काम हातात घेतले. त्यांचे नाव डॉ. विष्णु माधव घाटगे. आपल्या लायब्ररीत एरोडायनॅमिक्सची पुस्तके भरपूर आहेत, पण हे नाव किती जणांनी ऐकले असेल शंकाच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

कोल्हापूर ते गटिंगेन

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, कोल्हापूर भागातला. राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले १९०३ मध्ये, म्हणजे विमान आणि घाटगे जवळजवळ बरोबरीनेच मोठे झाले म्हणा ना! त्यांचे शिक्षण पुणे आणि मुंबईला झाले. तेव्हा आपल्याकडे विमानविद्या शिकवणारा विभागच नव्हता. ज्याला ती शिकायची त्याने बाहेर जावे, दुसरा मार्ग नाही. घाटगे जर्मनीत गटिंगेनला गेले आणि थेट लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेटला लागले. १९३६ मध्ये त्यांनी ती पूर्ण केली. प्रांटल यांचे पहिले भारतीय विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

प्रांटल हे नाव फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला सगळ्यांनाच भेटते, बहुतेकांना परीक्षेच्या आदल्या रात्री! १९०४ मध्ये या माणसाने दाखवून दिले की हवा वस्तूवरून वाहते तेव्हा तिच्या चिकटपणाचा खरा खेळ पृष्ठभागाला लागून असलेल्या एका पातळ थरात चालतो. हीच ती बाउंडरी लेअर. त्या थराच्या बाहेर हवेला चिकटपणा नाहीच असे धरून गणित केले तरी चालते. थराच्या आत मात्र पृष्ठभागाचा प्रत्येक खडबडीतपणा मोजावा लागतो. या एका कल्पनेने विमानाचा विरोध, म्हणजे ड्रॅग, गणितात पकडता येऊ लागला.

आता वेदरिंगकडे परत बघा. मॉडेल करणारा ज्याला रंग उडणे, मळ, वर आलेले रिव्हेट म्हणतो आणि हौसेने रंगवतो, ते एरोडायनॅमिक्सवाल्याच्या दृष्टीने बाउंडरी लेअरमध्ये केलेली ढवळाढवळ असते. पंखाच्या पुढच्या कडेला चिखल बसला, की गुळगुळीत वाहणारा थर लवकर गढूळ होतो आणि ड्रॅग वाढतो. ड्रॅग वाढला की वेग कमी, पल्ला कमी. युद्धात लढाऊ विमाने घासूनपुसून गुळगुळीत ठेवण्यात मेकॅनिक लोक वेळ घालवत, ते काही नुसते दिसण्यासाठी नव्हते.

गटिंगेनमध्ये दुसरी एक गोष्ट होती, ती म्हणजे विंड टनेल. विमान उभे राहते आणि हवा वाहते! त्यात विमानाचे छोटे मॉडेल टांगायचे आणि त्याच्यावरचे बल तराजूने मोजायचे. म्हणजे घाटगेही मॉडेलवालेच, फक्त त्यांचे मॉडेल शोकेससाठी नव्हते. आणि इथे एक मोठी मेख आहे. मॉडेल आकाराने हुबेहूब असले म्हणजे हवा त्याच्याशी तशीच वागेल असे मुळीच नाही. त्यासाठी रेनॉल्ड्स नंबर जुळावा लागतो, आणि त्यात लांबी आणि वेग यांचा गुणाकार येतो. समजा खरे विमान ताशी २०० किलोमीटरने उडणार आहे. आपले मॉडेल बहात्तरास एक. लांबी ७२ पटींनी घटली, तर वेग ७२ पटींनी वाढवायला हवा, म्हणजे ताशी १४,४०० किलोमीटर! आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे. तिथे हवेचे सगळे वागणेच बदलते आणि तुलना पार बिघडते. म्हणून मग मोठी मॉडेल करायची, काही ठिकाणी दाबाखालची हवा वापरायची, आणि उरलेला फरक गणिताने भरून काढायचा. लहान मॉडेलवरून मोठ्या विमानाबद्दल काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे ओळखणे हीच खरी विद्या. ती घाटगे गटिंगेनहून घेऊन आले.

काळ कोणता होता तेही लक्षात घ्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी गटिंगेनमधून माक्स बोर्न, रिखार्ड कूरांट, एमी नोएदर अशा थोर ज्यू प्राध्यापकांना नोकरीवरून काढण्यात आले. जगातले पहिल्या नंबरचे गणिताचे केंद्र बघता बघता ओस पडले. दुसरीकडे विमानसंशोधनावर मात्र पैशाचा पाऊस पडू लागला. एक विद्या हाकलली जाते आणि दुसरी पोसली जाते, ती कशासाठी, हे त्या गावात तेव्हा शिकणाऱ्या कुणाच्याही नजरेतून सुटणे कठीण होते.

खोक्यातून आलेली विमाने

घाटगे परत आले तेव्हा इथे त्यांच्या विद्येला गिऱ्हाईकच नव्हते. विमानाचा कारखाना नसलेल्या देशात विमानाच्या डिझायनरने करायचे काय? हा प्रश्न सोडवला दुसऱ्या एका मराठी मुलखातल्या माणसाने, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी. जहाजे, साखर, बांधकाम असे उद्योग करणाऱ्या या माणसाची विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमानव्यापाऱ्याशी गाठ पडली आणि त्यातून विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. हीच आजच्या एचएएलची सुरुवात. सांगलीच्या वालचंद कॉलेजचे नाव आपण सगळेच घेतो, ते याच वालचंदांचे.

घाटगे सुरुवातीच्या काळातच या कंपनीत आले. तिथे काम काय चालले होते? तर अमेरिकेहून लाकडी खोक्यांतून भाग यायचे, ते ड्रॉइंगप्रमाणे जोडायचे. १९४१ मध्ये हार्लो हे ट्रेनर विमान असेच जोडून उडवले गेले. १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडाले. म्हणजे बघा, आपला विमानउद्योग चक्क किट जोडण्यापासून सुरू झाला! यात हसण्यासारखे काही नाही. ज्या कामगारांनी आधी कधी विमानाला हात लावला नव्हता, त्यांनी पाहिल्याच वर्षी उडणारे विमान बाहेर काढले, ही लहान गोष्ट नव्हे. किट जोडताना हात तयार होतो, माप कळते, सूचनापत्रिका वाचायची शिस्त लागते. पण पंख एवढाच लांब का, शेपूट एवढीच मोठी का, हे किट सांगत नाही. ते ज्याने डिझाइन केले त्यालाच ठाऊक.

घाटग्यांनी याच कारखान्यात दुसरा रस्ता धरला. त्यांनी एक ग्लायडर डिझाइन केले, दहा जणांना घेऊन जाणारे, सैनिकांच्या वाहतुकीसाठी. नाव जी-१. ग्लायडरच का? कारण सोपे आहे आणि इंजिनिअरने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे विमानाचे इंजिन बनत नव्हते आणि युद्धाच्या धामधुमीत बाहेरून मिळण्याची खात्री नव्हती. ग्लायडरला इंजिन लागतच नाही. दुसऱ्या विमानाने ओढून न्यायचे आणि सोडून द्यायचे. जर्मनांनी १९४० मध्ये बेल्जियमचा किल्ला ग्लायडरमधून सैनिक उतरवून घेतला होता, त्यामुळे सगळ्यांचेच लक्ष या प्रकाराकडे लागलेले होते. म्हणजे जे नाही त्याच्यावर अडून बसायचे नाही, जे आहे त्यात पूर्ण डिझाइन करायचे, असा तो विचार. भारतात डिझाइन होऊन तयार झालेले हे पहिले विमान मानतात.

पण जी-१ चे उत्पादन झालेच नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, काही महिन्यांत बर्मा पडला आणि युद्ध आपल्या दाराशी आले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात चालवायला दिला गेला. नवीन विमाने बांधणे बंद, दुरुस्ती सुरू. कॅटालिना, डाकोटा, मिचेल अशी विमाने आघाडीवरून जखमी होऊन यायची, ओव्हरहॉल होऊन परत जायची. देशाच्या दृष्टीने त्यातून हजारो कुशल हात तयार झाले. पण प्रांटलच्या विद्यार्थ्याच्या ड्रॉइंग बोर्डला काम उरले नाही.

रिकामा वेळ सत्कारणी

अशा वेळी दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. घाटगे शिकवायला लागले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, देशातला पहिला. त्याच्या उभारणीत आणि सुरुवातीच्या शिकवण्यात घाटग्यांचा मोठा वाटा होता. विचार करा, विमाने बनवणे बंद पडलेल्या काळात विमाने बनवणारी माणसे तयार करायला घेतली! स्वतःला जी विद्या मिळवायला जर्मनी गाठावी लागली, ती इथल्या मुलांना इथेच मिळावी. पुढे एचएएलच्या डिझाइन विभागात, नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत आणि अवकाश संशोधनातही या विभागातून बाहेर पडलेले इंजिनिअर दिसतात.

युद्ध संपले आणि कारखाना परत आपल्या हातात आला. पण कामच नाही. विमानाच्या कारखान्यात रेल्वेचे डबे आणि बसच्या बॉड्या बनू लागल्या. त्याच काळातली एक गोष्ट वेदरिंगच्या शौकिनांनी जरूर ऐकावी. इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर ही चार इंजिनांची मोठी बॉम्बर विमाने मुद्दाम नादुरुस्त करून टाकून दिली होती, उन्हापावसात सडत. १९४८ मध्ये एचएएलच्या लोकांनी ती बऱ्यापैकी डागडुजी करून उडण्यालायक केली आणि जमशेद मुन्शी या टेस्ट पायलटने ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली. तिथे त्यांचा कायापालट झाला. अशी चाळीसच्या वर विमाने भारतीय हवाई दलाला मिळाली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत होती. लंडनच्या आरएएफ म्युझियममधले लिबरेटर भारतातूनच गेलेले आहे. भंगारातून बॉम्बर उभा करणाऱ्या या मंडळींना पुढचे काम देता येईल, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

एचटी-२

१९४८ मध्ये डिझाइन विभागाला रीतसर काम मिळाले, नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी विमान. मुख्य डिझायनर घाटगे. विमानाचे नाव एचटी-२, हिंदुस्तान ट्रेनर.

ट्रेनर म्हणजे सोपे विमान, असे आपल्याला वाटते. पण जरा विचार केला की कळते, शिकाऊ मुलाच्या हातात द्यायचे विमान जास्त अवघड. ते जास्तच शांत असेल तर मुलगा काहीच शिकत नाही. जास्त चपळ असेल तर मुलगाच राहत नाही! कंट्रोल ओढल्यावर विमानाने आधी इशारा द्यायला हवा, मग चूक दाखवायला हवी, आणि चूक सुधारली की सावरायलाही हवे. लँडिंगला विमान दाणकन आपटणार हे गृहीत धरून चाकांचे पाय मजबूत हवेत. आणि दुरुस्ती साध्या हँगरमध्ये, साध्या अवजारांनी जमली पाहिजे. हे सगळे समीकरणात बसवायचे, आणि देशात याआधी असे कुणी केलेले नाही. विचारायला कुणी सीनियर नाही, कॉपी मारायला जुनी फाइल नाही!

घाटगे आणि त्यांच्या तरुण टीमने सगळ्या धातूचे, खाली पंख असलेले, एकामागे एक दोन सीटचे विमान काढले. पंखांची लांबी १०.७२ मीटर, विमानाची लांबी ७.५३ मीटर, चाके न मिटणारी. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर इंजिन होते, पुढे १५५ अश्वशक्तीचे सायरस मेजर बसवले गेले. इंजिन परदेशीच, ते कबूल केले पाहिजे. ऑगस्ट १९५१ मध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडाले. चालवायला जमशेद मुन्शीच. भारतात डिझाइन होऊन उत्पादनात गेलेले हे पहिले इंजिनाचे विमान. स्वातंत्र्याला तेव्हा चार वर्षे होत होती.

त्याच सुमारास एचएएलमध्ये इंग्लंडची प्रेंटिस ही ट्रेनर विमानेही लायसन्सवर जोडली जात होती. एकाच कारखान्यात एकीकडे बाहेरचे ट्रेनर, दुसरीकडे आपले ट्रेनर. तुलना होणारच होती. एचटी-२ त्यात टिकले. दीडशेहून जास्त विमाने बनली. हवाई दलाने वापरली, नौदलाने वापरली, फ्लाइंग स्कूलमध्ये गेली. १९५९ मध्ये घाना या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचे हवाई दल उभे करायला भारताने मदत केली, तेव्हा बारा एचटी-२ तिकडे गेली. जो देश सतरा-अठरा वर्षांपूर्वी खोकी उघडून विमान जोडत होता, तो आता दुसऱ्या देशाला शिकवायचे विमान देत होता. ऐंशीच्या दशकापर्यंत एचटी-२ वर मुले शिकत राहिली. म्हणजे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलेल्या कितीतरी वैमानिकांनी पहिली भरारी घेतली ती घाटग्यांच्या विमानातून.

पुष्पक, कृषक, किरण

एकदा वाट पडली की पुढचे सोपे जाते. फ्लाइंग क्लबसाठी हलके पुष्पक, पहिले उड्डाण १९५८. सैन्याच्या तोफखान्यासाठी वरून टेहळणी करणारे कृषक, पहिले उड्डाण १९५९. आणि मग मोठी उडी, जेट ट्रेनर. किरणचे डिझाइन घाटग्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडाले. सूर्यकिरण पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ च्या आधी पाहिल्या आहेत, त्यांनी हीच किरण विमाने पाहिली आहेत. नऊ विमाने एकमेकांच्या पंखाला पंख लावून, तेही ट्रेनरची!

याच काळात, १९५६ मध्ये, एचएएलमध्ये कुर्ट टांक आले. मॉडेलवाल्यांनी कान टवकारावेत, कारण फोके-वुल्फ १९० चा हाच तो डिझायनर. त्यांच्या हाताखाली मारुत हे लढाऊ जेट विमान झाले आणि ते १९६१ मध्ये उडाले. तेव्हा गावोगाव टांक यांचे नाव झाले, ते योग्यच. पण टांक आले तेव्हा त्यांना इथे ड्रॉइंग समजणारे, ताणाची गणिते करणारे, पत्रा वाकवून डिझाइन प्रत्यक्षात आणणारे भारतीय इंजिनिअर आणि कारागीर मिळाले, ते आयते आकाशातून पडलेले नव्हते. एचटी-२ ने ते घडवले होते.

१९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते, बंगळुरूला एचएएलच्या सभागृहसंकुलाला त्यांचे नाव आहे आणि एचएएलच्या संग्रहालयात एचटी-२ उभे आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. आपण शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा हिरिरीने सांगतो, जिला पुरावा नाही. आणि ज्यांच्या विमानाचा नंबर, लॉगबुक, उडवणारे वैमानिक सगळे हजर, त्यांना विसरतो. हे काही बरे नव्हे.

मोखाड्याच्या रस्त्यावरून

जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून त्र्यंबक आणि पुढे नाशिक, असा आमचा रस्ता. नाशिकच्या पुढे ओझर. तिथे साठच्या दशकात मिगचा कारखाना आला. तिथली पद्धत ऐका. आधी रशियाहून जवळजवळ तयार विमान आले, ते जोडायचे. मग सुटे भाग आले, ते जोडायचे. मग कच्चा माल आला, त्यातून भाग करायचे. किटवाल्यांना हा क्रम लगेच समजेल. पुढे सुखोईच्या वेळी हीच पायरी परत चढली. हजारो घरे त्यावर उभी राहिली, आमच्या भागातली पोरेही आयटीआय करून तिकडे पाहत आली. लायसन्सच्या नॅटने १९६५ मध्ये सेबर पाडली, मिग-२१ ने १९७१ गाजवले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते निवृत्त झाले. तेव्हा किट जोडणे कमी दर्जाचे असे म्हणण्याचा हेतू अजिबात नाही.

पण फक्त किटच जोडत राहिले की काय होते तेही दिसले. २००९ मध्ये एचपीटी-३२ ही ट्रेनर विमाने अपघातांमुळे जमिनीवर बसवावी लागली. हाताशी दुसरे आपले ट्रेनर तयार नव्हते. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस विमाने घेण्याचा करार करावा लागला. ज्या प्रकारचे विमान १९५१ मध्ये आपण स्वतः केले होते, तेच साठ वर्षांनी बाजारात जाऊन आणावे लागले! डिझाइनची विद्या ही सायकलसारखी नाही, एकदा आली म्हणून कायम राहत नाही. टीम पांगली, मधली पिढी तयार झाली नाही, की परत पहिल्यापासून.

चांगली गोष्ट म्हणजे ती परत सुरू झाली आहे. एचएएलने डिझाइन केलेले एचटीटी-४० हे ट्रेनर २०१६ मध्ये उडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला त्याची उत्पादनसाखळी सुरू झाली आणि तिथे बनलेले पहिले तेजस मार्क १ए त्याच कार्यक्रमात आकाशात गेले. ज्या ओझरला इतकी वर्षे दुसऱ्याची ड्रॉइंग वाचली गेली, तिथे आता आपली ड्रॉइंग आहेत. एचटी-२ आणि एचटीटी-४०, नावातला नातेसंबंध काही योगायोग नाही.

तर मग करायचं काय?

मित्रांनो, आपल्यातल्या मॉडेलवाल्यांना एक सुचवावेसे वाटते. या वर्षीच्या प्रदर्शनात आणखी एक स्पिटफायर ठेवण्याऐवजी एचटी-२ करून बघा. दुकानात जाऊन खोका उचलावा इतके ते सोपे नाही, म्हणून सुरुवातीपासून करा. बहात्तरास एक प्रमाणात पंखांची लांबी येते साधारण १५ सेंटिमीटर, कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. धड साडेदहा सेंटिमीटर. बाल्सा घ्या, प्लॅस्टिकची शीट घ्या, काच म्हणून पारदर्शक फाइलचा तुकडा चालेल. फोटो जमवा, तीन बाजूंची ड्रॉइंग काढा, पंखाचा छेद आखा. हे करताना पंख इथेच का, शेपूट एवढीच का, हे प्रश्न आपोआप पडतील. किट जोडताना ते पडत नाहीत.

आणि वेदरिंग करताना जरा विचार करून करा. हे लढलेले विमान नाही, शिकवलेले विमान आहे. त्याच्यावर गोळ्यांच्या खुणा नकोत. पंखाच्या मुळाशी रंग उडवा, कारण तिथे पाय ठेवून दर तासाला नवा मुलगा चढला आहे. चाकांच्या पायांवर धूळ आणि तेल दाखवा, कारण प्रत्येकाने ते निदान एकदा दाणकन आपटले आहे. कॉकपिटच्या कडेचा रंग घासून काढा, कारण घाबरलेल्या हातांनी ती कडा घट्ट धरली आहे. एवढे जमले तर व्हायवाला एक्स्टर्नलने काहीही विचारले तरी उत्तर तुमच्याकडे असेल.